कोडिंग शिकायला एडिटर कोणता टाकावा? जुना लॅपटॉप असणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

जिंतूरकडच्या एका मुलीनं विचारलंय. बीसीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, भावाचा जुना लॅपटॉप मिळालाय, ४ जीबी रॅम, आत साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. कॉलेजात प्रॅक्टिकलला टर्बो सी आहे आणि पुढं पायथन पण आहे. वर्गातली पोरं म्हणायलीत व्हीएस कोडच टाक, मामाचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे तो म्हणतो विम नावाचा एडिटर शिक, एक मैत्रीण म्हणते मोबाईलवरच होतं सगळं. हिनं व्हीएस कोड टाकून बघितला, त्यात सी चालेना, लॅपटॉप हँग व्हायला लागला, आणि आता हिला वाटायलंय की कोडिंग आपल्याला जमणारच नाही.

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. पायथनसाठी थॉनी टाक, सी साठी कोड ब्लॉक्स टाक, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला टर्बो सी आहे तर ते तेवढ्यापुरतं वापर, आणि व्हीएस कोड सध्या काढून ठेव, वर्षभरानं परत टाकू. मी पुण्यात बरीच वर्षं कोड लिहिला, आता लातूरात मुलामुलींना शिकवते, माझं स्वतःचं रोजचं काम व्हीएस कोडवरच चालतं आणि मला तो मनापासून आवडतो, तरीपण पहिल्या सेमिस्टरच्या पोरांच्या हातात मी तो देत नाही. नवीन शिकणाऱ्याच्या समोर एरर आली की ती त्याच्या कोडमधली असली पाहिजे. सेटिंगची, पाथची, एक्स्टेन्शनची (एडिटरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची) एरर आली तर त्याला ती ओळखूच येत नाही, तो म्हणतो माझंच चुकलं, तासन्तास बसतो आणि शेवटी सोडून देतो. तुझं तेच व्हायलंय बघ माय. तू लिहिलेला प्रोग्राम बरोबर होता की चूक, हे तुला अजून कळलेलंच नाही, कारण तो कंपायलरपर्यंत पोचलाच नाही.

हे नीट समजायला एक गोष्ट पक्की कर. एडिटर वेगळा आणि कंपायलर वेगळा. एडिटर म्हणजे तुझी वही, आणि कंपायलर म्हणजे ती वही तपासणारे सर. वही कितीही भारी आणली तरी सर वर्गात नसतील तर तपासणार कोण? टर्बो सी मध्ये दोघं एकाच डब्यात येतात म्हणून फरक कळत नाही. व्हीएस कोड टाकला की फक्त एडिटर येतो, सी चा कंपायलर त्यात नसतोच, तो वेगळा टाकावा लागतो आणि तो कुठं ठेवलाय हे विंडोजला सांगावं लागतं, ह्यालाच पाथमध्ये टाकणं म्हणतात. हे न करता रन दाबलं की काळ्या पट्टीत येतं की जीसीसी नावाची कमांड ओळखता येत नाही, जीसीसी म्हणजे सी चा कंपायलर. पायथनचं पण तसंच. पायथन टाकताना पहिल्याच खिडकीत खाली एक चौकोन असतो, पायथन पाथमध्ये टाकायचं का म्हणून, तो टिक करायचा राहिला की कमांड चालत नाही, आणि विंडोज १० वर तर नुसतं पायथन टाईप केलं की कधी कधी मायक्रोसॉफ्टचं स्टोअरच उघडतं. पोरगं बिचारं घाबरून जातं, आता हे काय आणि म्हणून.

आता व्हीएस कोडमध्ये पोरं नेमकी कुठं अडकतात ते सांगते, म्हणजे पुढं तू जाशील तेव्हा अडकणार नाहीस. समज जीसीसी पण टाकला, पाथ पण झाला. मग कुणीतरी व्हिडिओत सांगतं की कोड रनर नावाचं एक्स्टेन्शन टाका, वर एक त्रिकोणी बटण येईल, दाबलं की प्रोग्राम चालतो. हॅलो वर्ल्ड चालतो पण, पोरगी खूश. दुसरा प्रोग्राम असतो दोन आकडे घेऊन बेरीज, त्यात स्कॅनएफ आला, म्हणजे टाईप केलेला आकडा घेणारं सी चं फंक्शन. बटण दाबलं, प्रोग्राम चालू झाला, आणि आता आकडा टाईप होईचना. कितीही बटणं दाबा, काही नाही. कामून? तर कोड रनर आउटपुट दाखवतं ते आउटपुट नावाच्या टॅबमध्ये, तो टॅब फक्त वाचायसाठी आहे, तिथं टाईप करता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन रन इन टर्मिनल ह्या ओळीपुढं टिक करावी लागते, मग तेच टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाईप करायच्या काळ्या खिडकीच्या टॅबमध्ये चालतं आणि आकडा घेतं. बरं, प्रोग्राम मागं तसाच वाट बघत बसलेला असतो, पोरगी परत बटण दाबते तर म्हणतं आधीचा कोड चालू आहे. ह्यात सी भाषेचा एक अक्षराचा संबंध नाही. पण ती मुलगी घरी जाऊन वहीत लिहिते की स्कॅनएफ चालत नाही.

दुसरी अडचण सेव्हची. फाइलच्या टॅबवर नावाशेजारी पांढरा गोल ठिपका दिसला म्हणजे फाइल सेव्ह केलेली नाही. कोड बदलला, सेव्ह केला नाही, टर्मिनलमधनं कंपाइल केलं, तर जुनाच कोड कंपाइल होतो, आणि मग एरर दुरुस्त केली तरी तीच एरर परत का यायली म्हणून डोकं फिरतं.

तिसरी अडचण लॅपटॉपची. मायक्रोसॉफ्टच्या पानावर व्हीएस कोडला १ जीबी रॅम पुरते असं लिहिलंय आणि ते खोटं नाही, ४ जीबीवर तो चालतो. पण तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे आत क्रोमियम ब्राउझरचं इंजिनच पळत असतं. त्याच्या जोडीला तू क्रोम उघडतेस, त्यात यूट्यूबवर लेक्चर, एक पीडीएफ, आणि मागं विंडोजचं अपडेट चालू. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडून बघ, रॅमच्या आधी डिस्कचा आकडा १०० टक्क्याला टेकलेला दिसेल. रॅम कमी पडली की विंडोज हार्ड डिस्कवर जागा वापरायला लागतं आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क त्या कामाला लई हळू आहे. हँग होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. पुढं कधी चार पैसे जमले, तर नवीन लॅपटॉपच्या आधी ती हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसव, गावातला रिपेअरवाला बसवून देतो, त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही.

आता कोड ब्लॉक्स. हा फुकट आहे, सी आणि सी प्लस प्लससाठीच बनवलाय, हलका आहे. डाउनलोड करताना एकच काळजी घे, त्यांच्या साइटवर विंडोजसाठी बऱ्याच फाइली दिसतात, त्यातली ज्या फाइलच्या नावात मिंगडब्ल्यू सेटअप असं आहे ती घ्यायची. त्यात जीसीसी कंपायलर सोबतच येतो. दुसरी घेतली तर परत नुसती वही, सर नाहीत. टाकलं, उघडलं, नवीन फाइल, सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट सी, आणि एफ ९ दाबलं की कंपाइल होऊन काळी खिडकी उघडते. प्रोग्राम संपला तरी खिडकी लगेच बंद होत नाही, कुठलंही बटण दाबा म्हणून थांबते, त्यामुळे खिडकी थांबवायला शेवटी गेटसीएच लिहायची गरज नाही.

टाकल्या टाकल्या एक काम कर. सेटिंग्ज मेनूत कंपायलर उघड आणि त्यात सगळ्या नेहमीच्या वॉर्निंग चालू करायचा जो पर्याय आहे, शेवटी कंसात डॅश डब्ल्यू ऑल लिहिलेलं असतं, त्याला टिक कर. ह्या एका टिकनं जितकं शिकायला मिळतं तितकं भारी एडिटरनं मिळत नाही. सुरुवातीची पोरं दोन चुका हमखास करतात. एक म्हणजे स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँड चिन्ह विसरतात, प्रोग्राम कंपाइल होतो, आकडा टाकला की मधेच बंद पडतो, काही सांगत नाही. दुसरी, इफच्या कंसात दोन बरोबर चिन्हांच्या जागी एकच टाकतात, मग अट बहुतेक वेळा खरीच निघते आणि नापास पोरगंही पास दाखवतं. ती टिक असली की दोन्ही चुका कंपायलर खाली निळ्या ओळीत सांगतो, ओळीच्या नंबरसकट, त्या ओळीवर डबल क्लिक केलं की कर्सर थेट तिथं जातो. वॉर्निंग आहे, एरर नाही, चालतंय ना, असं म्हणून सोडू नको. शून्य वॉर्निंग आल्याशिवाय प्रोग्राम झाला असं मानायचंच नाही, ही सवय पहिल्या महिन्यातच लाव.

अजून एक, कोड ब्लॉक्समध्ये नुसती फाइल उघडून डीबगर, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीनं थांबवून बघायचं साधन, चालत नाही, त्यासाठी प्रोजेक्ट बनवावा लागतो. सुरुवातीला लागत नाही डीबगर, पण पुढं पॉइंटर आले की लागेल.

टर्बो सी बद्दल पोरं लई चिडून विचारतात. बोर्लंडनं ते १९८७ साली आणलं, डॉसच्या काळातलं आहे, म्हणून आजच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, डॉसबॉक्सच्या, म्हणजे विंडोजमध्ये जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या आत चालवावं लागतं. प्रॅक्टिकल परीक्षा त्यावर असेल तर त्यावर सराव कर, सरांशी वाद घालायचं काही कारण नाही, व्हॉइड मेन आणि क्लिअर स्क्रीन लिहायला सांगितलं तर तिथं लिही. पण घरी शिकायला ते वापरू नको असं मी सांगते, त्याचं कारण जुनेपणा नाही, त्यातली उत्तरंच आजच्या मशीनशी जुळत नाहीत. फॅक्टोरियलचा प्रोग्राम सगळ्यांना असतो. तो इंट, म्हणजे पूर्णांकाचा साधा डेटा टाईप, घेऊन टर्बो सी मध्ये चालव. ७ चा फॅक्टोरियल ५०४० येतो, बरोबर. ८ टाक. ४०३२० यायला पाहिजे, स्क्रीनवर येतं उणे २५२१६. पोरं लूप तपासतात, सुरुवात शून्यापासून केली का एकपासून ते बघतात, लूपमध्ये काही चूक नसते. टर्बो सी मध्ये इंट १६ बिटचा, त्यात ३२७६७ च्या पुढचा आकडा मावतच नाही, तो फिरून उणेत जातो. तोच प्रोग्राम कोड ब्लॉक्समध्ये चालवलास तर ८ ला बरोबर ४०३२० येतं, १२ पर्यंत बरोबर चालतं, ४७९००१६०० येतं, आणि १३ ला परत चुकतं, ६२२७०२०८०० च्या जागी १९३२०५३५०४ येतं, कारण तिथं इंट ३२ बिटचा आहे. आणि हे दुसरं जास्त फसवं, कारण आकडा उणे नाही, दिसायला चांगला मोठा दिसतो, चुकलाय हे पटकन लक्षात येत नाही. दोन्हीकडं करून बघ खरंच, डेटा टाईपचा अख्खा धडा एका प्रोग्रामात कळतो.

हो, आणि डॉसबॉक्समध्ये एक धोका आहे तो आधीच सांगते. टर्बो सी मध्ये प्रोग्राम चालवायचं बटण कंट्रोल एफ ९. साध्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ ९ म्हणजे अख्खं डॉसबॉक्स बंद. तू सवयीनं दाबलंस आणि फाइल सेव्ह केलेली नसली तर लिहिलेलं सगळं गेलं. काही तयार पॅकेजमध्ये हे बदललेलं असतं, काहीत नसतं, म्हणून कंपाइल करायच्या आधी एफ २ दाबून सेव्ह, हे हाताला बसवून घे, आणि चालवायचं ते वरच्या मेनूतनं चालव. कोड ब्लॉक्समध्ये लिहिलेला प्रोग्राम टर्बोत न्यायचा असेल तर फार बदल लागत नाही. उलटं करताना मात्र क्लिअर स्क्रीन अडतं, जीसीसीच्या कोनिओ हेडर फाइलमध्ये गेटसीएच आहे पण क्लिअर स्क्रीन नाही, ती ओळ काढून टाक, झालं.

आता पायथन, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय कारण थॉनी हे मला शिकवण्यासाठी मिळालेलं सगळ्यात चांगलं साधन वाटतं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते खास नवशिक्यांसाठी तयार झालं. पायथन त्याच्या पोटातच येतं, वेगळं टाकायचं नाही, पाथचा चौकोन नाही, काही नाही. एकदा हॉटस्पॉटवर उतरवून घेतलं की परत नेट लागत नाही. एफ ५ दाबलं की चालतं, आणि न सेव्ह केलेली फाइल असेल तर आधी सेव्ह करायला लावतं. व्ह्यू मेनूत जाऊन व्हेरिएबल्सवर टिक कर, उजवीकडं एक तक्ता येतो, त्यात प्रत्येक व्हेरिएबलची आत्ताची किंमत दिसते.

पण खरी मजा आहे कंट्रोल एफ ५ मध्ये. उदाहरण घे. तीन वावरातलं सोयाबीन, पोती १२, १५ आणि ९, त्यांची बेरीज करायची, लूप लावून. टोटल बरोबर शून्य, मग यादीतल्या एकेका आकड्यासाठी टोटल बरोबर टोटल अधिक पोती. ही ओळ बघून निम्मा वर्ग गोंधळतो, टोटल बरोबर टोटल अधिक काहीतरी, हे गणितात शक्यच नाही असं म्हणतात, आणि गणिताच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच आहे. कंट्रोल एफ ५ दाबून एफ ७ एफ ७ असं पुढं जा. थॉनी ती ओळ थांबवून उजवी बाजू आधी रंगवतं, टोटलच्या जागी ० ठेवतं, पोतीच्या जागी १२ ठेवतं, मग दोन्ही मिळून १२ करतं, आणि मग ते १२ डावीकडच्या टोटलमध्ये जाऊन बसतं, उजवीकडच्या तक्त्यात आकडा बदललेला दिसतो. पुढच्या फेरीला तिथंच १२ अधिक १५, २७. मग ३६. फळ्यावर मी हे कितीही वेळा खोडून लिहिलं तरी जे पोचत नाही ते इथं पोरगी स्वतःच्या बोटानं पुढं सरकवते आणि तिला दिसतं. फंक्शन आलं की प्रत्येक कॉलला वेगळी छोटी खिडकी उघडते, रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं तेव्हा, तर खिडकीवर खिडकी उघडत जाते आणि मग एकेक बंद होत किंमत मागच्या खिडकीत देते. रिकर्शनला घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावते.

पायथनसोबत आयडल नावाचा एडिटर आपोआप येतो, तो पण वाईट नाही, पण त्यात पोरं तीन बाणांच्या समोरच अख्खा प्रोग्राम टाईप करतात आणि बंद केलं की सगळं गेलं. फाइल मेनूतनं न्यू फाइल घेऊन त्यात लिहायचं आणि एफ ५, एवढं लक्षात ठेवलं तर आयडलवर पण सेमिस्टर निघतं.

थॉनीत असो की कुठंही, फाइलला नाव देताना जपून. रँडम शिकायला फाइल केली म्हणून तिचं नाव रँडम डॉट पीवाय ठेवलं की पायथन स्वतःचं रँडम सोडून तुझीच फाइल उघडतं आणि विचित्र एरर येते. टर्टलचं पण तेच होतं. आणि विंडोजमध्ये फाइलचं शेपूट लपवलेलं असतं, ते आधी दाखवायला लाव, फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू मध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स म्हणून टिक आहे. नाहीतर नोटपॅडमध्ये लिहून हॅलो डॉट पीवाय नावानं सेव्ह केलेली फाइल खरं तर हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी असते, दिसते मात्र बरोबर. सगळे प्रोग्राम सी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करून त्यात ठेव, फोल्डरचं नाव इंग्रजीत, मधे स्पेस नको. बऱ्याच घरात लॅपटॉपचं यूजर नेमच मराठीत टाकलेलं असतं, डेस्कटॉपवर फाइल ठेवली की तिचा पत्ता देवनागरीत होतो आणि मिंगडब्ल्यूला असे पत्ते पचत नाहीत.

महिनाभर बटणावर चालवून झालं की एकदा हातानं चालवून बघ. थॉनीत टूल्स मेनूत सिस्टिम शेल उघडायचा पर्याय आहे, त्यातनं जे काळं टर्मिनल उघडतं त्यात थॉनीचं पायथन आधीच जोडलेलं असतं, तिथं पायथन, स्पेस, फाइलचं नाव, एंटर. तुझा प्रोग्राम कुठल्याही एडिटरशिवाय चालला की तुला कळेल की बटण एवढंच करत होतं. सी साठी कोड ब्लॉक्सच्या फोल्डरातलं मिंगडब्ल्यूचं बिन फोल्डर पाथमध्ये टाक, मग जीसीसी, स्पेस, फाइलचं नाव, स्पेस, डॅश ओ, स्पेस, बनणाऱ्या प्रोग्रामचं नाव. हे जमलं की जगातला कुठलाही एडिटर तुला अडवू शकत नाही.

लाइटचं तुला सांगायला नको, लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर लाइट गेली की लॅपटॉप पण गेला. नोटपॅड प्लस प्लस न सेव्ह केलेल्या फाइलीचा पण दर ७ सेकंदाला बॅकअप घेतो, परत उघडलं की मजकूर तसाच दिसतो. व्हीएस कोडला फाइल मेनूत ऑटो सेव्ह आहे. थॉनी आणि कोड ब्लॉक्सवर मात्र भरवसा ठेवू नको, दोन ओळी लिहिल्या की कंट्रोल एस.

एररची भाषा इंग्रजी आहे म्हणून मराठी मीडियमची पोरं ती वाचतच नाहीत, लाल दिसलं की सरळ खिडकी बंद. तसं करू नको. पायथनमध्ये सगळ्यात शेवटची ओळ आधी वाच, तिथं चूक कोणत्या प्रकारची आणि का झाली ते असतं, मग वर जाऊन ओळीचा नंबर बघ. सी मध्ये उलट, सगळ्यात पहिली एरर दुरुस्त कर आणि परत कंपाइल कर, एका सेमिकोलनमुळे खाली दहा एरर आलेल्या असतात. दाखवलेली ओळ बरोबर वाटली तर तिच्या वरची ओळ बघ, सेमिकोलन बहुतेक तिथं राहिलेला असतो. येणाऱ्या एररची एक वही कर, एररची ओळ जशीच्या तशी इंग्रजीत, खाली तुझ्या शब्दात मराठीत ती का आली. त्याच त्याच एरर परत येतात, वर्षभर बघशील तर यादी फार मोठी होत नाही.

कोडमध्ये कॉमेंट मराठीत लिहायला अजिबात लाजू नको. थॉनी, नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड सगळ्यात देवनागरी चालते, फाइल यूटीएफ ८ मध्ये सेव्ह असली म्हणजे झालं. आधी मराठीत चार ओळी लिही की मला काय करायचंय, मग प्रत्येक ओळीखाली कोड. पायथन ३ मध्ये तर व्हेरिएबलचं नाव पण देवनागरीत चालतं, परीक्षेत नको लिहू पण घरी करून बघ. आणि मराठी ह्या शब्दाची लांबी लेन फंक्शननं काढून बघ, ५ येईल, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसतील, ती तुझी चूक नाही, थॉनीच्या खालच्या भागात तेच अक्षर नीट दिसतं.

आता एआय. व्हीएस कोडमध्ये आता कोपायलट येतो, तू दोन शब्द लिहिलेस की पुढचं अख्खं फंक्शन करड्या अक्षरात दिसतं, टॅब दाबलं की झालं. मी कामात वापरते, तो चांगला आहे. पण शिकताना पहिलं वर्षभर ते बंद ठेव ही माझी कळकळीची विनंती आहे. लूप कुठं थांबवायचा हे डोक्यात घोळत असताना जो ताण येतो तोच शिकणं आहे, आणि टॅब नेमका तेव्हाच तो ताण काढून घेतो. व्हायवात सर विचारतात ही ओळ काढली तर काय होईल, तेव्हा टॅब दाबणाऱ्या पोरांना खरंच काही सुचत नाही, मी हे बघते आणि वाईट वाटतं, कारण पोरं हुशार असतात. एरर समजत नसेल तर एआयला विचार, पण कोड मागू नको, एररचा अर्थ मराठीत समजावून सांग असं विचार, आणि दुरुस्ती स्वतः कर.

विमचं थोडक्यात. १९७६ मध्ये बिल जॉयनं लिहिलेल्या व्हीआयवरनं तो आला, ब्रॅम मूलेनारनं १९९१ मध्ये पहिल्यांदा दिला, आणि तुझ्या मामाच्या मुलाला तो का आवडतो ते मला माहिती आहे, सर्व्हरवर काम करणाऱ्याला तो लागतोच. पण आत्ता तुला लिहिण्याआधी लिहायचं कसं हे शिकावं लागेल. आय दाबून लिहायचं, एस्केप, मग कोलन डब्ल्यू क्यू नं सेव्ह करून बाहेर, एवढं माहिती असू दे. लिनक्सचा विषय आला की त्याच्यासोबतच येणारा विमट्यूटर करून टाक.

मोबाईलवर पायड्रॉइड ३ आहे, नेटशिवाय पायथन चालतं, गावाकडं गेलीस किंवा बसमध्ये असलीस तर छोटा सराव करायला छान. ज्यांच्याकडं लॅपटॉप नाहीच त्यांनी ओटीजीनं साधा कीबोर्ड जोडून त्यावर सुरुवात केली तरी चालतं, वाट बघत बसू नये. पण तुझ्याकडं लॅपटॉप आहे तर मुख्य काम त्यावरच कर, मोबाईलच्या स्क्रीनवर ओळीची सुरुवात कुठून झाली तेच दिसत नाही आणि पायथनमध्ये तर त्यावरच सगळं चालतं.

एचटीएमएल शिकायला नोटपॅड प्लस प्लस आणि ब्राउझर पुरतो. जावा आली तर ब्लूजे टाक, एक्लिप्स तुझ्या रॅमवर रडवेल, आणि अँड्रॉइड स्टुडिओचा तर ह्या लॅपटॉपवर विचारच करू नको.

एक अजून, विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय. लगेच काही बिघडत नाही, पण एसएसडी बसवशील त्याच वेळी लिनक्स मिंट टाकायचा विचार कर, जुन्या मशीनवर बरा पळतो, थॉनी आणि कोड ब्लॉक्स तिथं पण आहेत आणि जीसीसी टाकायला पाथचा घोळच नसतो. घरात दुसरं कुणी त्या लॅपटॉपवर विंडोजचं काम करत असेल तर आधी त्यांना विचार.

मग व्हीएस कोड कधी? तुझ्या एका प्रोग्रामच्या दोन-तीन फाइली व्हायला लागल्या, एका फाइलीतलं फंक्शन दुसरीत वापरायलीस, कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या गिटचं नाव कानावर यायलंय, वेब प्रोजेक्ट मिळालाय, तेव्हा टाक. त्या वेळी तुला टर्मिनल येत असेल, पाथ माहिती असेल, म्हणून तासाभरात बसेल. एक्स्टेन्शन दोनच टाक, पायथन आणि सी/सी प्लस प्लस, दोन्ही मायक्रोसॉफ्टची, बाकी रंगीबेरंगी थीम आणि आयकॉन नंतर. फाइल उघडू नको, ओपन फोल्डर करून अख्खं फोल्डर उघड, पोरांच्या निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. ऑटो सेव्ह चालू, आणि खाली उजव्या कोपऱ्यात कोपायलटचं चिन्ह असतं तिथनं सजेशन बंद. प्रोग्राम चालवायला कंट्रोल आणि बॅकटिक, म्हणजे एस्केपच्या खालचं बटण, दाबून आतलंच टर्मिनल उघड आणि तीच जीसीसीची ओळ टाईप कर जी तू आधी शिकलीस. आणि त्यातच अडकून पण राहू नको, गिटहबनं २०१४ ला अ‍ॅटम आणला होता, कितीतरी पोरं त्यावर शिकली, १५ डिसेंबर २०२२ ला तो कायमचा बंद केला, आणि ज्यांना कमांड येत होती ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एडिटरवर कामाला लागली.

आत्ता आजच्या आज एवढं कर, व्हीएस कोड काढ, कोड ब्लॉक्सची मिंगडब्ल्यूवाली फाइल उतरव, वॉर्निंगची टिक कर आणि तो बेरजेचा प्रोग्राम, तुझा अडलेला, जसाच्या तसा त्यात टाकून एफ ९ दाब. एरर आली तर ह्या वेळी ती कोडमधली असेल, आणि तिच्यात ओळीचा नंबर असेल.